चाळिसावं उत्तर

“या वेळी कोणालाही वगळायचं नाही!” मोठ्या डॉक्टरीणबाईंनी टेबलावर हात आपटला आणि समोर बसलेल्या संमतीरावांनी ते वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. वरिष्ठांचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घेणं हा त्यांचा मोठा गुण होता. पुढे जे काही घडलं ते या गुणापायीच.

संमतीराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. हॉस्पिटलच्या संशोधन विभागात रुग्णांकडून संमतीपत्रं भरून घ्यायचं काम ते सात वर्षं करत होते, म्हणून झाडूवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना संमतीराव म्हणत. माणूस सरळ, नाकासमोर चालणारा. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता, पण एकटं असताना त्या विषयावर चर्चा नको, असं त्यांचं मत होतं.

“पन्नास वर्षं आपण हृदयाची औषधं कुणावर तपासतोय?” बाई म्हणाल्या. “पंचेचाळिशीचा, पगारदार, सकाळी नऊच्या ठोक्याला हजर होणारा पुरुष! आणि ती औषधं देतो कुणाला? सगळ्यांना! मला पासष्टीच्या पुढची चाळीस माणसं हवीत. दोन वर्षांत हॉस्पिटलची पायरी न चढलेली. कुठल्याच संशोधनात कुणी न विचारलेली. शुक्रवारी पैसे देणाऱ्या संस्थेचे पाहुणे येतायत. चाळीस जमले तर प्रकल्प पुढे चालेल.”

“आणि नाही जमले तर?”

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. संमतीरावांचा करार त्याच शुक्रवारी संपत होता. आणखी काही बोलायची गरज नव्हती.

संमतीराव खाली आपल्या जागेवर आले. खाली म्हणजे अगदी खाली. संशोधन विभाग तळघरात होता. लिफ्टमधून बाहेर पडलं की एक लांबलचक, मध्येच वळणारा बोळ, आणि बोळाच्या टोकाला त्यांची खोली. वीज वाचवण्यासाठी तिथे आपोआप लागणारे दिवे बसवले होते. माणूस हलला की दिवा लागायचा, पाच मिनिटं हलला नाही की विझायचा. त्यामुळे मन लावून काम करणारा माणूस नेहमी अंधारात असायचा आणि मधूनमधून डोक्यावर हात हलवायचा.

हॉस्पिटलच्या ॲपवरून रुग्णांना मेसेज पाठवायची सोय होती. संमतीरावांनी वय टाकलं, दोन वर्षांची अट टाकली. पडद्यावर नव्वद नावं आली. डाव्या बाजूला चौकटींची एक रांग होती आणि प्रत्येक चौकटीत आधीपासून बरोबरची खूण होती. ‘परगावी गेलेले वगळा.’ ‘आधी नकार दिलेले वगळा.’ संमतीरावांना बाईंचा टेबलावर आपटलेला हात आठवला. त्यांनी एकेक खूण काढायला सुरुवात केली. पुढच्या चौकटी त्यांनी पूर्ण वाचल्यासुद्धा नाहीत. ‘वगळा’ दिसलं की खूण काढायची, एवढंच. नव्वदाची यादी बघता बघता दोनशे बारावर गेली आणि संमतीरावांना आपण समाजाचं काही देणं फेडल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी मेसेज लिहिला. सरकारी भाषा नको, मायेची हवी, असं बाईंनी बजावलं होतं.

‘नमस्कार. आपण बऱ्याच दिवसांत आला नाहीत. आम्हाला आपली आठवण येते. आपल्यासारख्यांना आजवर कुणी काही विचारलं नाही, ही आमची चूक आहे. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता तळघरात या. काहीही दुखणार नाही. आम्ही वाट पाहत आहोत.’

खाली स्वतःचं नाव घातलं आणि बटण दाबलं.

सोमवार कोरडा गेला. मंगळवारी सकाळी पहिलं उत्तर आलं. ‘हो.’ मग दुसरं. ‘येणार.’ तिसऱ्यात लिहिलं होतं, ‘इतक्या दिवसांनी कुणीतरी विचारलं.’ संमतीरावांना गहिवरून आलं. सात वर्षांत रुग्णाने आपणहून हो म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. माणसं हो म्हणायच्या आधी गाडीभाडं मिळेल का, लिफ्ट चालू आहे का, घरी केव्हा सोडणार, असे शंभर प्रश्न विचारायची. इथे एकाच माणसाने प्रश्न विचारला होता. ‘तळघर म्हणजे किती खाली?’

जो हो म्हणेल त्याला ॲप आपोआप पुढचा मेसेज पाठवायचं. ‘आपल्याला काय त्रास होतो? थोडक्यात लिहा.’ त्याचीही उत्तरं येऊ लागली.

‘छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं.’

‘हातपाय गार पडतात.’

‘झोप म्हणावी तर झोप नाही, जाग म्हणावी तर जाग नाही.’

‘इथे कुणी बोलायला नाही. सगळं शांत आहे.’

‘कुणी घ्यायला येणार का?’

शेवटचं संमतीरावांनी दोनदा वाचलं. पण आकडा वाढत होता. बुधवारी दुपारपर्यंत एकोणचाळीस झाले. बाईंनी पाहुण्यांना फोन करून सांगितलं आणि विभागाला चहा पाजला.

चहाचा कप खाली ठेवतायत तोच संगणक विभागातली चष्मेवाली आत आली. ही मुलगी हुशार, पण वाईट बातमी चांगल्या बातमीच्याच आवाजात सांगायची.

“संमतीराव, हे सगळे वारलेत.”

“कोण सगळे?”

“हो म्हणालेले. मी वयं पडताळायला फाइली उघडल्या. हे बघा, हे तीन वर्षांपूर्वी गेले. हे अडीच वर्षांपूर्वी. हे तर वरच्या मजल्यावर, आपल्याच अतिदक्षता विभागात. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस.”

“आणि यादीतली जिवंत माणसं? त्यांची उत्तरं?”

“एकाचंही नाही.”

दोघंही कागदाकडे बघत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे, दिवा विझला.

“हात हलवा ना,” अंधारातून चष्मेवाली म्हणाली.

“तू हलव.”

“तुम्ही मोठे आहात.”

शेवटी दोघांनी एकदमच हात हलवले आणि लख्ख उजेडात एकमेकांकडे बघून दोघंही दचकले.

“कुणीतरी चेष्टा करत असेल,” संमतीराव म्हणाले.

“मीही तेच धरून चालले होते. पण प्रत्येक उत्तर ज्याचं त्याच्याच नंबरवरून आलंय. तुम्ही ‘निधन झालेले वगळा’ची खूण काढली होती का?”

“बाई म्हणाल्या होत्या, कोणालाही वगळायचं नाही.”

चष्मेवालीने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. तिला त्यांची कीव आली होती, आणि ते जास्त लागलं.

संमतीरावांनी घाईघाईने नवा मेसेज धाडला. ‘तांत्रिक कारणामुळे शुक्रवारचा कार्यक्रम रद्द झाला आहे. कृपया कोणीही येऊ नये.’ पाच मिनिटांत उत्तरं आली. ‘आता नाही म्हणू नका.’ ‘आमची तयारी झाली आहे.’ ‘एकदा बोलावलंत ना? मग येणारच.’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. संमतीराव जिने चढून बाईंच्या खोलीत गेले. कबूल करून टाकायचं, होईल ते होईल, असं त्यांनी ठरवलं होतं.

“बाई, एक अडचण आहे. ही जी माणसं मिळालीत ती जरा वेगळी आहेत.”

“वेगळीच तर हवीत!”

“म्हणजे, ती आपल्यात नाहीत.”

“तेच तर दुखणं आहे, संमतीराव! इतकी वर्षं आपण त्यांना आपल्यात धरलंच नाही.” बाईंचे डोळे चमकत होते. “एकच राहिलाय. तेवढा एक आणा.”

संमतीराव मूग गिळून खाली उतरले. बाईंचा इतका आनंदी चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता, आणि तो विझवायची हिंमत त्यांच्यात नव्हती. घरी जाऊन त्यांनी बायकोला आडून विचारलं, “समज, एखाद्या गेलेल्या माणसाला चुकून मेसेज गेला तर?”

“जिवंत माणसं तरी कुठे वाचतात तुमचे मेसेज?” बायको म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली.

गुरुवारी दुपारी चाळिसावं उत्तर आलं.

संमतीरावांनी ते उघडलं आणि नाव वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. नाव त्यांच्या वडिलांचं होतं.

‘बरं. तू असशील ना तिथे?’

वडील अडीच वर्षांपूर्वी याच हॉस्पिटलात, चौथ्या मजल्यावर, हृदयविकाराने गेले होते. संमतीराव शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी होते. त्यांचा फोन संमतीरावांनीच पुसून, डबीत घालून, आईच्या कपाटात वरच्या खणात ठेवला होता. आई शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. दर रविवारी संमतीराव तिला फोन करायचे. ‘बरी आहेस ना?’ ‘बरी आहे.’ ‘काही हवंय का?’ ‘काही नको.’ चार मिनिटांत काम उरकायचं.

बाकी एकोणचाळीस जण तरी परके होते. हा घरचा होता, आणि त्याने ‘तू’ म्हटलं होतं.

खूप वेळ ते तसेच बसून राहिले. दिवा विझला तरी त्यांनी हात हलवला नाही. मग अंधारातच त्यांनी वडिलांचा नंबर लावला. बंद असणार, बंदच असणार, असं ते मनाशी घोकत होते. पलीकडे रिंग वाजली. एक, दोन, पाच, नऊ. आणि कुणीतरी फोन उचलला.

“हॅलो?” संमतीराव म्हणाले. त्यांचा आवाज कुणा लहान पोराचा असावा तसा निघाला.

पलीकडून शब्द आला नाही. फक्त श्वास ऐकू येत होता. जड, ओढून घेतलेला, मध्ये मध्ये तुटणारा. जाण्याच्या आदल्या रात्री वडिलांचा श्वास असाच चालत होता. संमतीरावांनी चार श्वास मोजले. पाचव्याला फोन बंद झाला.

त्या संध्याकाळी संमतीराव लिफ्टने वर गेले नाहीत. लिफ्टमध्ये आधीच कुणी असेल तर, हा विचार त्यांना झेपला नाही.

शुक्रवार उजाडला. संमतीरावांनी चाळीस खुर्च्या मांडल्या, कारण हुकूम तो हुकूम. संस्थेचे दोन पाहुणे, एक जाड आणि एक त्याहून गंभीर, भिंतीशी बसले होते. मोठ्या डॉक्टरीणबाई ठेवणीतला कोट घालून आल्या होत्या. चष्मेवाली दाराच्या अगदी जवळ उभी होती, पळायला सोपं जावं म्हणून. संमतीरावांनी मनाशी ठरवलं होतं की सव्वानऊपर्यंत कुणी आलं नाही तर सगळं कबूल करायचं. आणि कुणी आलं तर काय करायचं, ते त्यांनी ठरवलं नव्हतं.

नऊला पाच मिनिटं असताना दूरवर लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला. बोळाच्या पार टोकाला एक दिवा लागला. मग त्याच्या अलीकडचा. वळणामुळे माणूस दिसत नव्हता, नुसते दिवे एकापाठोपाठ एक जवळ येत होते. मग पावलं ऐकू आली. सावकाश, फरफटत येणारी, खूप पावलं. त्यात काठीची टकटक, आणि कुणीतरी कुजबुजत होतं, “अजून किती आत आहे गं?”

“वक्तशीर आहेत,” जाड पाहुणा म्हणाला.

संमतीरावांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. वळणावरचा दिवा लागला आणि त्याच्या उजेडात एक बुटकी म्हातारी बाई उभी राहिली. अंगात तपकिरी स्वेटर, छातीशी कापडी पिशवी, हातात एक जुना, मोठ्या अक्षरांचा फोन.

“ते आठवण येते म्हणतात ते इथेच का?” तिने विचारलं.

“आजी,” संमतीराव कसेबसे म्हणाले, “आपण कोण?”

“मेसेज आला होता ना.” तिने फोन पुढे केला. नाव बरोबर होतं, नंबर बरोबर होता, आणि फाइलीप्रमाणे तो माणूस तीन वर्षांपूर्वी गेलेला होता.

“पण हा फोन तर...”

“आमच्या यांचा. हे गेले, फोन राहिला.”

“आणि उत्तरं तुम्ही दिलीत?”

“मग कोण देणार? हे?” म्हातारी म्हणाली आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या आणखी तीन-चार जणी हसल्या.

एकेक करून त्या आत आल्या. काठी टेकत आलेली, सुनेचा हात धरून आलेली, दोघी-दोघींनी एकमेकींना सावरत आलेल्या. कुणी घ्यायला येणार का, असं विचारणारी बाई शेवटी दोन बस बदलून आली होती आणि त्याबद्दल तिने संमतीरावांना चार शब्द सुनावले. संमतीरावांच्या जिवात जीव आला. बोलणी खाताना माणसाला इतकं बरं वाटू शकतं हे त्यांना नव्याने कळलं.

हळूहळू सगळा उलगडा झाला. हॉस्पिटलात फाइल असायची ती नवऱ्याची. फोन नवऱ्याचा, ॲप नवऱ्याच्या नावाने. या बाया वर्षानुवर्षं इथे आल्या होत्या, पण मागून, नवऱ्याची फाइल आणि पाण्याची बाटली धरून. नवरा गेला तशी फाइल बंद झाली आणि त्यांचं येणंही. हॉस्पिटलच्या लेखी त्या कधी नव्हत्याच. दुखलं-खुपलं तर घरात उरलेल्या गोळ्या होत्या. आणि नवऱ्याच्या फोनवर आलेला प्रत्येक मेसेज त्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचत, कारण दुसरं कुणी काही पाठवत नव्हतं.

“छातीवर दगड किती दिवस आहे?” डॉक्टरीणबाईंनी एकीला विचारलं.

“सहा वर्षं.”

“आणि औषध?”

“यांचंच घेते. अर्धी गोळी. मी बाई ना, म्हणून अर्धी.”

बाईंनी बसून ‘अर्धी’ हा शब्द कागदावर लिहिला आणि खाली रेघ मारली. मग उठल्या आणि संमतीरावांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, “ज्यांची नोंदच नाही ती माणसं तुम्ही शोधलीत तरी कशी?”

“खूण काढली,” संमतीराव खरं तेच बोलले. चष्मेवालीने खोकला काढला.

“एकोणचाळीस,” गंभीर पाहुणा मोजून म्हणाला. “चाळीस ठरले होते.”

एक खुर्ची रिकामी होती. बोळातले दिवे विझले होते. संमतीराव दाराकडे बघत राहिले. तेवढ्यात पलीकडच्या टोकाचा दिवा लागला. बराच वेळ पुढचा लागला नाही. मग लागला. पुन्हा थांबला. आणि संमतीरावांना तो श्वास ऐकू आला. जड, ओढून घेतलेला, मध्ये मध्ये तुटणारा.

ते धावत सुटले. वळणाच्या पलीकडे, भिंतीला हात टेकून त्यांची आई उभी होती.

“आई! तू?”

“थांब जरा,” ती म्हणाली. “दम... लागतो.”

“काल फोन तू उचललास?”

“हो. तुझ्या बाबांचा फोन मी खणातून काढून चालूच ठेवते. वाणसामान घेऊन जिना चढून आले आणि तो वाजायला लागला. धाप लागलेली. तुला ऐकू गेलं असतं, म्हणून ठेवून दिला.”

“आणि दर रविवारी बरी आहे म्हणून सांगतेस!”

“तू विचारतोसच तसं. बरी आहेस ना, म्हणून. त्यावर माणूस दुसरं काय बोलणार?” तिने पदराने नव्हे, पिशवीतून रुमाल काढून कपाळ टिपलं. “या मेसेजात लिहिलं होतं, काय त्रास होतो ते लिहा. तसं विचारलं की लिहिता येतं. आणि तुम्हाला आठवण येते म्हणून पण लिहिलं होतंस.”

“अगं, ते दोनशे बारा जणांना पाठवलं होतं.”

“असू दे,” आई म्हणाली. “तू लिहिलं होतंस ना.”

संमतीरावांना स्वतःची शरम वाटली, आणि खालच्या मानेनेच ते आईला धरून आत घेऊन आले. सगळं शहर चाळलं होतं आणि चाळिसावी घरातलीच निघाली. बायकोने नंतर ऐकलं तेव्हा ती “काखेत कळसा आणि गावाला वळसा” एवढंच म्हणाली, आणि संमतीरावांनी ते मुकाट ऐकून घेतलं.

“चाळीस!” जाड पाहुणा म्हणाला.

“एक मिनिट.” चष्मेवाली नियमांचं पुस्तक उघडून बसली होती. “प्रकल्पातल्या कर्मचाऱ्याचे जवळचे नातेवाईक चालत नाहीत. नियम अकरा.”

“मग एकोणचाळीसच,” गंभीर पाहुणा म्हणाला.

“पण चाळीस झाले नाहीत तर संमतीरावांचा करार आजच संपतो,” चष्मेवाली विचार करत म्हणाली. “करार संपला की ते कर्मचारी नाहीत. ते कर्मचारी नसले की त्यांच्या आई चालतात. आई चालल्या की चाळीस होतात. चाळीस झाले की करार वाढतो. करार वाढला की आई चालत नाहीत.”

एकोणचाळीस म्हाताऱ्या आणि दोन पाहुणे बोटांवर हे मोजू लागले.

“त्यांना इथे घेतलं नाही तर काय होईल?” संमतीरावांनी हळूच बाईंना विचारलं.

“वर नाव नोंदवायचं. हृदयाच्या या तपासणीला वर चार महिन्यांची रांग आहे.” बाई आईच्या पायांकडे बघत होत्या. ते सुजलेले होते. “मला चार महिने थांबलेलं आवडणार नाही, संमतीराव.”

एका बाजूला सात वर्षांची नोकरी होती आणि दुसऱ्या बाजूला तो श्वास. संमतीरावांना वाटलं होतं की असा निर्णय घ्यायला माणसाला रात्रभर जागावं लागत असेल. त्यांना पेनाचं टोपण काढायला जेवढा वेळ लागला तेवढाच लागला. एक कोरं संमतीपत्र उलटं करून त्यांनी मागे चार ओळींचा राजीनामा लिहिला. वेळ घातली, नऊ वाजून बावन्न मिनिटं. नऊ त्रेपन्नला आईची सही झाली. मजकूर चष्मेवालीने वाचून दाखवला, कारण संमतीरावांचा आता त्याच्याशी संबंध उरला नव्हता.

तासाभराने बाई पडद्यामागून बाहेर आल्या. “एक झडप नीट उघडत नाहीये. शस्त्रक्रिया करावी लागेल, ती या महिन्यातच करू. बऱ्या होतील त्या.” “चार महिन्यांनी आल्या असत्या तर मी हे म्हणू शकले नसते.”

संमतीराव बोळात गेले आणि भिंतीकडे तोंड करून रडले. ते हलत असल्यामुळे दिवा सारखा चालू राहिला आणि सगळ्यांना दिसलं, पण कुणी काही बोललं नाही.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. दोन महिन्यांनी आई तीन मजले न थांबता चढू लागली. प्रकल्प तर धो-धो चालला. म्हाताऱ्यांनी आपल्या बहिणी आणल्या, शेजारणी आणल्या, यादी तीनशेवर गेली. संमतीराव मात्र घरी बसून होते. पडदे धुवायचं काम बायकोने त्यांच्याकडे दिलं होतं.

एका बुधवारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. “परत या. त्या बाया दुसऱ्या कुणाशी बोलायलाच तयार नाहीत. ‘आठवण येते’वाले कुठे आहेत म्हणून विचारतात.”

“पण नियम अकरा?”

“आता चाळिसाची अडचण राहिली नाही. तुमच्या आईंनी संशोधनातून नाव मागे घेतलं की झालं. उपचार चालूच राहतील. फक्त एक सही हवी.”

संमतीराव त्याच दुपारी फॉर्म घेऊन आईकडे गेले. रविवार नसताना मुलगा आला म्हणून तिला आनंद झाला. तिने चष्मा लावला आणि फॉर्म वाचायला घेतला. पुढचं पान वाचलं, मागचं वाचलं, बारीक अक्षरंही वाचली. मग चष्मा काढून ती म्हणाली, “नाही.”

“नाही म्हणजे?”

“सही करणार नाही.”

“अगं, तुला काही फरक पडणार नाही. फक्त नाव काढायचं.”

“तेच तर.” आईने फॉर्म त्यांच्याकडे सरकवला. “तुझ्या बाबांबरोबर बत्तीस वर्षं त्या हॉस्पिटलात गेले. ‘यांच्यासोबत कोण आहे?’ एवढंच विचारायचे. आता जाते तेव्हा ती चष्म्याची मुलगी दारातून माझ्या नावाने हाक मारते. मोठ्याने. सगळे वळून बघतात. ते मी काढून टाकू?”

“आणि माझी नोकरी?”

“तुला मिळेल रे कुठेतरी. शिकलेला आहेस, सरळ आहेस.” तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “या शुक्रवारी माझी तपासणी आहे. सोबत एक माणूस आणा म्हणतात. तू मोकळाच आहेस ना?”

संमतीरावांनी फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली आणि किती वाजता निघायचं ते विचारलं.